काचबिंदूच्या थेंबांनी डोळे चुरचुरतात: सोसायचं की औषध बदलून घ्यायचं?

सायली_मिरज

नमस्कार मंडळी. काचबिंदूवर इथे जुने दोन-तीन धागे आहेत, पण त्यांत सगळी चर्चा डोळ्याच्या आतलं प्रेशर आणि ऑपरेशन यांची आहे. मला थेंबांबद्दल विचारायचंय.

आई ६८ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. रात्री लॅटानोप्रोस्ट, सकाळ-संध्याकाळ डॉर्झोलमाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेली बाटली, आणि गेल्या पावसाळ्यापासून ब्रिमोनिडीन, तेही दोन वेळा. प्रेशर १४-१५ च्या आसपास आहे, त्यामुळे डॉक्टर खूश. पण डोळ्यांकडे बघवत नाही. कायम लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या, उन्हात गेली की पाण्याच्या धारा. दुपारी पेपर घेऊन बसते आणि दोन मिनिटांत चष्मा काढून पदराने डोळे टिपायला लागते. वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणते.

आता खरी काळजी. बाटल्या जेव्हा संपायला हव्यात तेव्हा संपत नाहीयेत. विचारलं तर म्हणाली, "फार चुरचुरतं त्या दिवशी नाही घालत. एका दिवसाने काय होतंय?" ऐकून धडकीच भरली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही हे तिलाही पक्कं ठाऊक आहे. पण नजर जाताना काहीच जाणवत नाही आणि चुरचुर लगेच जाणवते, त्याला ती तरी काय करणार?

हे थेंबांमुळेच होतं का? आणि पाणी इतकं येत असताना मेडिकलवाला "डोळे कोरडे पडलेत" म्हणतो, ते कसं? लाली जायला त्याने एक बाटलीही दिली आहे. कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर जरूर लिहा.

वाईकर_नाना

सायली, मी स्वतः पेशंट, बरीच वर्षं थेंब घालतोय. तुझ्या आईची तक्रार शंभर टक्के खरी आहे. थेंब घातला की पहिली काही मिनिटं झोंबतं, ते सोसता येतं. पण नंतर दिवसभर जे खुपत राहतं त्याने माणूस चिडचिडा होतो. मला सगळे म्हणायचे, नाना, वयाने होतं हो. वयाने होत असेल, पण वय काय दोन्ही डोळ्यांना सारखंच असतं ना? माझा थेंब फक्त उजव्या डोळ्यात आणि लालही उजवाच!

कोकणी_मेवा

नानांचा मुद्दा बिनतोड!

आमच्या मामालाही एकाच डोळ्यात थेंब आहे. त्या डोळ्याच्या पापण्यांचे केस इतके लांब आणि काळेभोर झालेत की भाचीच्या लग्नात फोटोग्राफरने विचारलं, "काका, एकाच डोळ्याला मस्कारा का?" मामीने तेव्हापासून बाटली कुलपात ठेवली आहे, मुली पळवतील म्हणून.

रेवा_

मेवा, मामींची भीती अगदीच पोकळ नाही. लॅटानोप्रोस्टच्याच जातीचं बायमॅटोप्रोस्ट अमेरिकेत २००८ पासून पापण्यांचे केस वाढवायला मान्य आहे. मात्र डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते आणि वरची पापणी आत ओढल्यासारखी दिसायला लागते, म्हणून हौसेने कुणी वापरू नका. थेंब घातल्यावर गालावर-पापणीवर आलेलं औषध लगेच टिपलं तर काळपटपणा कमी होतो.

नेत्रवैद्य

सायलीताई, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, मराठवाड्यात काम करतो. न तपासता निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नांची सर्वसाधारण उत्तरं देतो.

हो, थेंबांमुळे होतं, आणि बऱ्याच जणांना होतं. यात दोष दोन बाजूंनी असू शकतो. एक खुद्द औषधाचा. दुसरा बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या प्रिझर्व्हेटिव्हचा. सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड, आम्ही बॅक म्हणतो. हे साबणाच्या जातीचं रसायन आहे. आपल्या अश्रूंच्या पातळ थरात पाणी तर असतंच, शिवाय वर तेलाचा पदर आणि तळाशी बुळबुळीत म्युसिन असतं. बॅक तेलाचा पदर फोडतं, म्युसिन तयार करणाऱ्या पेशी मारतं आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशींमधले सांधे सैल करतं. एका थेंबाने काही बिघडत नाही. पण काचबिंदूचा थेंब आयुष्यभराचा असतो आणि हा परिणाम साचत जातो.

आता पाणी येतं तरी कोरडे कसे? पृष्ठभाग उघडा पडला की तिथल्या नसा बोंब मारतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. त्या पाण्यात तेल आणि म्युसिन पुरेसं नसल्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळतं. म्हणून धारा लागलेल्या डोळ्यालाही कोरडेपणाचाच उपचार लागतो.

आईला एक विचारा: चुरचुरतं जास्त की खाज जास्त? उत्तर इथे लिहा, मग पुढे सांगतो. आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या बाटलीचं नाव वाचा. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेड्निसोलोन, फ्लोरोमेथोलोन यांपैकी काही असेल तर ती वापरू नका आणि आईच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

औषधवाला_श्री

डॉक्टर, शेवटची ओळ ठळक अक्षरांत हवी. मी स्वतः मेडिकल चालवतो आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहिताना वाईट वाटतं, पण डोळे लाल म्हटलं की स्टेरॉइडची बाटली काढून द्यायची सवय फार ठिकाणी आहे. चिठ्ठीशिवाय ती देऊ नये असा नियम आहे. स्टेरॉइडने दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, गिऱ्हाईक खूश होऊन पुन्हा येतं, आणि आत प्रेशर चढत राहतं. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांचं तर हमखास चढण्याची शक्यता. लाली घालवणारे दुसरे थेंब रक्तवाहिन्या आखडवतात. ते सोडले की लाली पहिल्यापेक्षा जास्त येते.

साठवणीचंही सांगतो. लॅटानोप्रोस्टची न फोडलेली बाटली बहुतेक कंपन्यांची २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची असते. बाहेर टिकणारेही प्रकार आहेत, तेव्हा खोक्यावर बघा. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. बहुतेक थेंबांची मुदत उघडल्यावर चार आठवडे असते, लॅटानोप्रोस्टची सहा. "अजून शिल्लक आहे" म्हणून तीन महिने वापरणारे रोज भेटतात.

गणिती_बोका

सायलीताईंच्या आईचे रोजचे थेंब: १ + २ + २ = ५. वर्षाचे एका डोळ्यात १८२५. तिन्ही बाटल्यांत प्रिझर्व्हेटिव्ह असेल तर वर्षातून १८२५ वेळा ते रसायन डोळ्यात. हा आकडा पाहून वाटतं, आई इतके दिवस सोसत राहिली हेच नवल.

निसर्गमित्र_

एवढी रसायनं ओतायचीच कशाला? आमच्या ओळखीत एकांनी सगळे थेंब बंद केले आणि शुद्ध गुलाबजल आणि मधाचं बोट सुरू केलं. डोळे एकदम शांत झाले. शरीराचं ऐका, ते सांगतंय की हे विष नको.

वाईकर_नाना

निसर्गमित्र, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे वाचून कुणी थेंब बंद करेल म्हणून लिहितो. त्या गृहस्थांचे डोळे शांत झाले कारण चुरचुरवणारी गोष्ट थांबली. आतली नस शांतपणे मरत असेल तर त्याचा पत्ता कसा लागणार? माझ्या थोरल्या भावाने असेच थेंब सोडले. समोरचं वाचता येत होतं, म्हणून म्हणायचा, मला काही झालेलं नाही. बाजूने येणारी मोटारसायकल दिसेना तेव्हा पुन्हा तपासलं. डाव्या डोळ्याचं नजरेचं क्षेत्र जे गेलं ते गेलंच.

नेत्रवैद्य

नानांशी पूर्ण सहमत. घरचं गुलाबजल, मध, दूध, काहीही डोळ्यात नको. ते निर्जंतुक नसतं, आणि ज्या डोळ्याचा पृष्ठभाग आधीच दुखावलाय त्यात जंतुसंसर्ग झाला तर फूल पडू शकतं. थेंब सोसत नाहीत ही तक्रार खरी आहे. तिच्यावर इलाज थेंब बदलण्याचा आहे, सोडण्याचा नाही.

निसर्गमित्र_

ठीक आहे. डोळ्यात टाकण्याचा सल्ला मागे घेतो. पण डॉक्टर मंडळी हे दुष्परिणाम आधी का सांगत नाहीत, हा माझा प्रश्न कायम आहे.

मुक्ता_ठाणे

हा प्रश्न मात्र माझाही आहे. बाबांना टिमोलॉलचे थेंब सुरू झाले तेव्हा दमा आहे का हे कुणी विचारलंच नाही. दोन आठवड्यांत धाप लागायला लागली. डोळ्याच्या थेंबाने छाती भरते हे आमच्या स्वप्नातही आलं नसतं. फॅमिली डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि लगेच ओळखलं.

म्हणून घरात कुणालाही नवीन थेंब लिहून दिले की दमा, नाडी मंद असणं, हृदयाचं औषध, हे सगळं आपणच आधी सांगावं.

नेत्रवैद्य

निसर्गमित्र आणि मुक्ताताई, तुमची तक्रार रास्त आहे. ओपीडीत गर्दी असते, पण ते उत्तर होऊ शकत नाही. प्रेशरचा आकडा चांगला आला की पेशंटला "कसं वाटतंय?" विचारायचं राहून जातं. पेशंटही सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं की औषध कडक म्हणजे झोंबणारच.

थेंब पोटात आणि छातीत उतरू नये म्हणून एक साधी गोष्ट करा. थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटा, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलका दाब द्या. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. उघडझाप करत बसलात तर औषध तिकडेच पळतं.

आजीची_नात

माझी आजी प्रत्येक वेळी दोन-तीन थेंब टाकते, "एखादा तरी आत जाईल" म्हणून. चालतं का?

औषधवाला_श्री

आत एक पडला की पुरे. बाटलीचा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, आणि पापणीच्या आत जेमतेम ३० मावतात. दुसरा थेंब थेट गालावर. औषध वाया, बाटली लवकर रिकामी, आणि प्रिझर्व्हेटिव्ह उगाच कातडीला. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

हात थरथरत असेल तर आजीला पलंगावर आडवं करून तुम्ही घाला. खालची पापणी खाली ओढली की खिसा तयार होतो, त्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही.

सायली_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, आईला विचारलं. ती म्हणते, आधी नुसतं चुरचुरायचं, हल्ली दोन-तीन महिन्यांपासून खाज जास्त. चोळू नको म्हटलं तरी हात जातोच. खालच्या पापणीची कातडीही खरखरीत झालीय. मेडिकलवाल्याच्या बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलंय. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी ती बंद करायला सांगून या आठवड्यातच बोलावलंय.

नेत्रवैद्य

बरं झालं लगेच फोन केलात. जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, स्टेरॉइडचीसुद्धा, आणि ती किती दिवस घातली ते सांगा.

खाज, पापणीची खरखरीत कातडी, आणि हे सगळं ब्रिमोनिडीन सुरू झाल्यावर काही महिन्यांनी. ही त्या औषधाची ॲलर्जी असू शकते. पहिल्याच आठवड्यात यायला हवी असं लोकांना वाटतं, पण ब्रिमोनिडीनची ॲलर्जी चांगलं सहा-आठ महिन्यांनीही उपटते. पापणी उलटून पाहिली की आतल्या बाजूला साबुदाण्यासारखे बारीक दाणे दिसतात. तसं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं ब्रिमोनिडीन देऊनही उपयोग नाही, औषधच बदलावं लागतं.

लीड्सवासी

उशिरा आलोय, पण इथला अनुभव लिहितो. मला ओपन अँगल, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा असलेल्या, काचबिंदूचं निदान झालं तेव्हा इंग्लंडात थेंबांऐवजी आधी लेझरच सुचवलं. एसएलटी म्हणतात, सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं तिच्यावर लेझरचे हलके ठिपके मारतात. भुलीचा थेंब, खुर्चीवर बसून काही मिनिटं, आणि घरी.

याच्यामागे लाइट नावाची चाचणी आहे, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आधी लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचं प्रेशर तीन वर्षांनीही थेंबांशिवाय ताब्यात होतं. २०२२ मध्ये इथल्या नाइस या संस्थेने पहिला उपचार म्हणून हेच सुचवलं. माझ्या डोळ्यात आज एकही थेंब नाही. हे पर्याय मिरजेतही विचारून बघा.

नेत्रवैद्य

लीड्सवासी, उत्तम माहिती. भारतातही एसएलटी होतं, मोठ्या शहरांत सहज, लहान गावांत मशीन कमी. दोन गोष्टी जोडतो. कोन बंद असलेल्या काचबिंदूत चित्र वेगळं असतं, आणि आपल्याकडे तो प्रकार बराच आढळतो. त्यात आधी दुसरं लेझर करून कोन उघडावा लागतो. आणि एसएलटीचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, तेव्हा तपासणी सुटत नाही.

पेपरवाचक

डॉक्टर, मग प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब सगळ्यांनाच का देत नाहीत? माझी साधी बाटली आणि तसली बाटली यांच्या किमतीत दुपटीहून जास्त फरक आहे. पेन्शनीत कसं बसवायचं?

नेत्रवैद्य

रोखठोक प्रश्न, रोखठोक उत्तर. प्रेशर दोन्हीने जवळपास सारखंच उतरतं. ज्यांना एकच थेंब आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी साध्या बाटलीवर सुखाने राहावं. ज्यांना दोन-तीन बाटल्या आहेत, आधीपासून कोरडेपणा, संधिवात किंवा मधुमेह आहे, किंवा पुढे ऑपरेशनची शक्यता आहे, त्यांच्यासाठी जादा पैसे सत्कारणी लागतात. ऑपरेशनचा मुद्दा लोकांना माहीत नसतो. वर्षानुवर्षं सुजलेल्या पृष्ठभागावर काचबिंदूची शस्त्रक्रिया केली की व्रण लवकर धरतो आणि पाण्याला करून दिलेली वाट बुजण्याची शक्यता वाढते.

स्वस्तातला उपायही आहे. दोन औषधं एका बाटलीत मिळत असतील तर तशी घ्या, प्रिझर्व्हेटिव्हचा मारा तेवढा कमी. आणि बॅकऐवजी सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह वापरलेल्या बाटल्या मधल्या किमतीत मिळतात.

पेपरवाचक

धन्यवाद. हे इतक्या स्वच्छ शब्दांत पहिल्यांदाच कळलं.

वाईकर_नाना

एक अनुभव राहिला. वर्षातून एकदा ते अंधाऱ्या खोलीत बसवून ठिपका दिसला की बटण दाबायची टेस्ट घेतात ना, त्यात माझा निकाल एकदा फारच वाईट आला. घरी सगळे हवालदिल. पुढच्या वेळी तंत्रज्ञ बाईंनी आधी वंगणाचा थेंब घालून थोडं थांबवलं आणि मध्ये मध्ये "काका, पापणी मिटा" म्हणत राहिल्या. निकाल सुधारला. कोरड्या डोळ्याने ठिपकेच अंधुक दिसत होते! निकाल बिघडला तर आधी हेही विचारा.

रेवा_

वाचनखूण साठवली. नाना, हे आईला सांगते, ती त्या टेस्टच्या नावानेच घाबरते.

सायली_मिरज

मंडळी, जाऊन आलो.

डॉक्टरांना या वेळी आधी डोळ्यांचं सांगितलं, प्रेशरचं नंतर. त्यांनी पिवळ्या रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवली आणि यंत्रातून निळा प्रकाश टाकला. स्क्रीनवर मलाही दाखवलं. आईच्या बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागावर हिरवे ठिपके चमकत होते, सुईने टोचल्यासारखे, शेकडो. प्रत्येक ठिपका म्हणजे सोलवटलेली जागा. मग पापणी न मिटता समोर बघायला सांगितलं. अश्रूंचा थर फाटून काळे डाग पडायला किमान दहा सेकंद लागायला हवेत, आईचा चार सेकंदांत फाटला. आईने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी उगाच कुरकुरत नव्हते." मला भरून आलं.

पापणी उलटल्यावर दाणेही दिसले. ब्रिमोनिडीन बंद. स्टेरॉइडमुळे एका डोळ्याचं प्रेशर २२ पर्यंत गेलं होतं, बाटली बंद केल्यावर उतरेल म्हणाले, फेरतपासणी आहेच. रात्रीचा आणि दिवसाचा, दोन्ही थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले दिले. कोन उघडा आहे, त्यामुळे एसएलटीचा विचार पृष्ठभाग सुधारल्यावर करू म्हणाले. शिवाय दिवसातून चार वेळा वंगणाचे थेंब, तेही विनाप्रिझर्व्हेटिव्हच, आणि गरम शेक.

शेक नक्की कसा द्यायचा? घाईत विचारायचं राहिलं.

नेत्रवैद्य

छान तपासणी झाली आहे. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. लगेच निवतो, म्हणून पुन्हा पुन्हा गरम करत पाच ते दहा मिनिटं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. लॅटानोप्रोस्टच्या गटातल्या औषधांनी त्या तुंबतात, शेकाने तेल पातळ होतं. नंतर बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हळू निपटा. बुबुळावर दाब नको. ज्यांचं काचबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांनी विचारल्याशिवाय मसाज करूच नये.

वंगणाचा थेंब आणि औषधाचा थेंब यांत दहा मिनिटं ठेवा. पंख्याचा झोत थेट तोंडावर नको.

मुक्ता_ठाणे

सायली, नव्या बाटल्या दाबायला जड असतात. आतल्या झडपेमुळे जोर लागतो. बाबांची बोटं संधिवाताची, त्यांना जमेना. बाटली अडकवून दाबायचं प्लॅस्टिकचं साधन मिळतं, नाहीतर एकेका दिवसाच्या छोट्या कुप्या घे. आईला जमतंय का ते दुकानातच बघ.

सायली_मिरज

मुक्ता, बरं झालं सांगितलंस. खरंच जड जातेय. सकाळचा थेंब मी घालते, रात्रीचा वहिनी घालते. खाज तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बरीच कमी आहे, चुरचुर अजून आहे, वेळ लागेल म्हणाले आहेत. फेरतपासणीत प्रेशर काय येतं ते इथेच लिहीन.